गोळी काय करते, बोलणं काय करतं

"गोळ्यांनी बरं वाटतंय, मग थेरपीला कशाला जाऊ?" आणि "थेरपी चालू आहे ना, मग गोळ्या कशाला?" मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांच्या तोंडी हे दोन प्रश्न सारखे येतात, त्यांच्या घरच्यांच्या तोंडी तर जास्तच. दोन्हींमागे समजूत एकच आहे: दोन्ही उपचार एकच काम करतात, तेव्हा एक चालू असला की दुसऱ्याची गरज उरत नाही. ही समजूत मला धोक्याची वाटते. तिच्यापायी माणसं उपचार अर्ध्यावर सोडतात, आणि तेही नेमके थोडं बरं वाटायला लागल्यावर.

आधी नावांचा घोळ मिटवू. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. निदान करणं, औषध लिहून देणं, डोस कमीजास्त करणं हे त्याचं काम. थेरपिस्ट बहुधा मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेला असतो आणि औषध देत नाही. काही सायकियाट्रिस्ट थेरपीही करतात, पण सहसा ही दोन वेगळी माणसं असतात. त्यातून काय अडचणी होतात ते पुढे बघू, कारण मला तोच या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो.

थेरपीबद्दल एक गैरसमज असा की तिथे जाऊन फक्त मन मोकळं करायचं. मन मोकळं होतं हे खरं, पण तेवढ्यासाठी जवळचा मित्रही चालतो. थेरपीत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेनं काम होतं. उदाहरणार्थ, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत, जिला आज सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) म्हणतात. मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे, ते कागदावर उतरवायचे, त्यांना पुरावा मागायचा, मग वागण्यात छोटा बदल करून काय होतं ते बघायचं. दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात घरी करायचा अभ्यास असतो आणि खरं काम तिथेच होतं.

आता समजा, एक माणूस आहे. दोन महिने त्याची झोप पहाटे तीनला उडते. जेवण नकोसं झालंय. वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचल्या तर पहिली ओळ आठवत नाही. तो थेरपिस्टकडे जातो. ती म्हणते, "या आठवड्यात मनात आलेले विचार लिहून आणा." तो वही उघडतो, बसून राहतो आणि बंद करतो. पुढच्या भेटीला रिकामी वही घेऊन जायची लाज वाटते म्हणून जातच नाही. शिवाय "आपल्याला एवढंही जमत नाही" हा एक नवा पुरावा त्याच्या आजाराला मिळतो.

इथे औषध आधी लागतं. नैराश्यावर आज बहुधा एसएसआरआय या गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात करतात. त्यातली फ्लुओक्सेटिन ही गोळी अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मंजूर झाली. या गोळ्यांची एक खोड माहीत नसली की माणूस फसतो. मळमळ, डोकं जड होणं, बेचैनी असे दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसतात आणि फायदा मात्र दोन ते सहा आठवड्यांनी. म्हणजे आधी त्रास, मग आराम. बऱ्याच गोळ्या या मधल्या काळातच कचऱ्यात जातात.

"मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं, गोळीनं ते भरून काढलं" हे स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. ते फार अपुरं आहे. गोळी घेतल्यावर पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन काही तासांतच वाढतं. तेवढ्यानं काम भागत असतं तर त्याच संध्याकाळी मन हलकं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात आठवडे लागतात, कारण रसायन वाढल्यानंतर मेंदूच्या पेशी हळूहळू स्वतःला बदलून घेतात, त्यांची आपसातली जोडणी बदलते. औषधानं मेंदू थोडा लवचिक होतो आणि त्या लवचिकपणात नवं काही शिकता येतं, असं आज बरेच संशोधक मानतात.

आपल्या त्या माणसाकडे परत येऊ. गोळी लागू पडली. सहाव्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपतोय, पान वाचून होतंय. आता त्याला वाटतं, संपलं. पण कामात एक चूक झाली की "मी कुचकामीच आहे" हा विचार अजून त्याच वेगानं येतो. कुणी रागावलं की तीन दिवस त्यावर काथ्याकूट चालतो. ही सवय शाळेपासूनची आहे. गोळीनं तिचा आवाज खाली आणला, पण सवय जागच्या जागी आहे. रिकामी वही आता भरू शकते, ती याच टप्प्यावर. त्याला ही थेरपी सोडायची वेळ वाटते, आणि खरं तर ती थेरपी नीट सुरू होण्याची वेळ असते.

दोन्ही मिळून किती फरक पडतो, हे मोजून पाहिलेलं आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६८१ रुग्ण होते, सगळे दोन वर्षांहून जुन्या नैराश्याचे. एका गटाला नुसतं औषध, दुसऱ्याला नुसती थेरपी, तिसऱ्याला दोन्ही. बारा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांत चांगली सुधारणा झालेले ४८ टक्के निघाले. दोन्ही उपचार मिळालेल्या गटात ७३ टक्के. (त्यात वापरलेलं नेफाझोडोन हे औषध पुढे यकृतावरच्या गंभीर परिणामांमुळे मागे पडलं, पण एकत्र उपचारांबद्दलचा मुद्दा त्यानंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिला.) २००८ मध्ये चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरचा अभ्यास आला. दोन्ही उपचार घेणाऱ्यांत जवळपास ८१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या सीबीटीनं ६०, नुसत्या औषधानं ५५ आणि औषध नसलेल्या नकली गोळीनं २४.

हे आकडे वाचताना एक गोष्ट निसटू नये. नकली गोळीवरही पावपट मुलं सुधारली. नुसत्या थेरपीवर निम्म्याहून जास्त. म्हणजे प्रत्येकाला दोन्ही लागतातच असं नाही. सौम्य नैराश्यात आधी थेरपी करून बघणं योग्य असतं आणि अनेकांना तेवढं पुरतं. एखाद्या आघातानंतरच्या मानसिक त्रासातही त्या आघातावर नेमकं काम करणारी थेरपी आधी सुचवली जाते. नैराश्य मध्यम ते तीव्र असेल, जुनं असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तिथे जोडीचा फायदा ठळक दिसतो.

मला स्वतःला या आकड्यांपेक्षा दुसराच एक निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्यातून बरे झालेल्यांचा पुढे वर्षभर माग काढला. औषधानं बरे झालेल्यांची गोळी बंद केल्यावर ७६ टक्क्यांचा आजार उलटला. गोळी चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के. आणि थेरपीनं बरे होऊन थेरपी थांबवलेल्यांत ३१ टक्के. थेरपी संपली तरी तिनं शिकवलेलं उरतं. औषधाचा परिणाम औषध चालू असेपर्यंत. म्हणून "बरं वाटतंय" या टप्प्यावर थेरपी सोडणं म्हणजे जे पुढे कामाला येणार तेच नेमकं टाकून देणं.

"म्हणजे औषध शरीरासाठी आणि थेरपी मनासाठी" असं सरळ विभाजन कुणी केलं तर तेही टिकत नाही. १९९२ मध्ये ओसीडी (नकोसे विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) असलेल्या रुग्णांच्या मेंदूचे, त्याचं कामकाज दाखवणारे पेट स्कॅन उपचारांआधी आणि नंतर काढले गेले. काहींना फ्लुओक्सेटिन दिलं होतं, काहींना फक्त वर्तन थेरपी. जे सुधारले त्यांच्या मेंदूत कॉडेट या भागातली जास्तीची सक्रियता कमी झाली होती, आणि ती दोन्ही गटांत कमी झाली होती. बोलण्यानं आणि सरावानंही मेंदू बदलतो, तोही स्कॅनमध्ये दिसेल इतका.

जिथे बेरीज वजा होते

दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की जास्त चांगलंच होणार, असं आपण धरून चालतो. पॅनिक अटॅकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या बाबतीत ते थेट खरं ठरलं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ३१२ रुग्णांच्या एका अभ्यासात सीबीटी आणि इमिप्रामिन हे जुनं, परिणामकारक औषध एकत्र दिलं गेलं. उपचार चालू असताना जोडीनं थोडा फायदा दिसला. पण सगळे उपचार थांबवून सहा महिने गेल्यावर ज्यांनी औषधाविना सीबीटी केली होती, ते जोडी घेतलेल्यांपेक्षा चांगल्या स्थितीत होते.

असं का व्हावं? पॅनिकच्या थेरपीचा गाभा म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जाणं. लिफ्टची भीती असेल तर लिफ्टमध्ये शिरायचं, छाती धडधडू द्यायची आणि ती आपोआप शांत होते हे अंगानं शिकायचं. हा धडा भीती वाटल्याशिवाय गिरवता येत नाही. अल्प्राझोलामसारखी झटपट शांत करणारी गोळी घेऊन लिफ्टमध्ये गेलं तर भीती वाटतच नाही, आणि मेंदू नोंद करतो: "गोळी होती म्हणून वाचलो." लंडन आणि टोरांटो इथे अल्प्राझोलाम आणि अशी थेरपी एकत्र तपासली गेली, तेव्हा १९९४ मधल्या निष्कर्षांत हेच दिसलं. ज्यांनी सुधारणेचं श्रेय गोळीला दिलं, गोळी थांबल्यावर त्यांचाच त्रास जास्त उलटला.

हे श्रेयाचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते फक्त पॅनिकपुरतं नाही. दोन्ही उपचार घेणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी प्रश्न पडतो, "मी बरा झालो तो गोळीमुळे की माझ्यामुळे?" याचं उत्तर थेरपीत मुद्दाम शोधावं लागतं. चांगला थेरपिस्ट विचारतो, "गोळीनं झोप आणली, मान्य. पण भावाला फोन कुणी केला? नको असलेल्या कामाला नाही कुणी म्हटलं?" गोळी फोन करत नाही. एवढं मनात पक्कं बसलं की पुढे गोळी कमी होताना पायाखालची जमीन सरकत नाही. खिशात 'वेळेला असू दे' म्हणून ठेवलेली गोळी असेल तर तेही थेरपिस्टला सांगावं. ती न खाताही तिचा आधार घेतला जातो आणि धडा अर्धवट राहतो.

याचा अर्थ चिंताविकारात औषध नको असा कुणी काढू नये. एसएसआरआय भीती पूर्ण पुसत नाहीत, तिची धार कमी करतात, म्हणून त्यांच्यासोबत सरावाचं काम करता येतं. वर सांगितलेला मुलांचा अभ्यास त्याच गटातल्या सर्ट्रालिनचा होता. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची सवयही लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच दिल्या जातात. त्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नयेत. अचानक थांबवल्यानं फिट येण्याइतका गंभीर त्रास होऊ शकतो.

जिथे औषध हाच पाया

बायपोलर (मन कधी उन्मादापर्यंत चढतं, कधी नैराश्यात बुडतं) आणि स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होतात) या आजारांत "औषध की थेरपी" हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे औषध पाया आहे आणि थेरपी त्यावर उभी राहते. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम वापरून पाहिलं, फ्रान्समध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन गंभीर मनोविकारांवर वापरात आलं, आणि वर्षानुवर्षं रुग्णालयात काढणाऱ्यांना घरी जायची वाट दिसली.

मग तिथे थेरपीचं काम काय? बायपोलरमध्ये चढण्याआधीच्या खुणा ओळखायला शिकणं हे फार मोठं काम आहे. झोप चार तासांवर आली तरी थकवा नाही, खर्च वाढतोय, एकाच वेळी पाच कामं सुचतायत. या खुणा ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात आणि त्या शांत काळातच लिहून ठेवाव्या लागतात. दुसरं, बायपोलरचे रुग्ण गोळ्या सोडतात ते नेहमी विसरून नव्हे. चढलेल्या काळातली झिंग त्यांना हवीशी वाटते, तिची आठवण येते. त्या आठवणीबद्दल मोकळेपणानं बोलायला जागा हवी, नुसतं "गोळी घेतली का?" विचारून भागत नाही. औषधांच्या जोडीला सखोल थेरपी घेतलेले बायपोलरचे रुग्ण नैराश्याच्या टप्प्यातून जास्त प्रमाणात आणि लवकर बाहेर आले, असं २००७ मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं.

लिथियमवर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्याचं रक्तातलं प्रमाण नियमित तपासावं लागतं, कारण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं असतं. जुलाब, फार घाम, पाणी कमी पिणं, किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी यांनीही ती पातळी वर जाऊ शकते.

स्किझोफ्रेनियात घरच्यांबरोबरचं काम थेरपीचाच भाग आहे. सतत टीका, राग किंवा गरजेपेक्षा जास्त गुंतून पडणं असलेल्या घरांत रुग्णाचा आजार जास्त वेळा उलटतो, हे ब्रिटिश संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकांपूर्वी दाखवलं. घरच्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. वर्षानुवर्षं सांभाळून तेही थकलेले असतात, आणि त्यांना कसं बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं.

दोघांच्या मधली फट

डॉक्टर महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं भेटतो. थेरपिस्ट दर आठवड्याला पाऊणेक तास. दोघांना रुग्ण वेगवेगळा दिसतो, आणि बऱ्याचदा ते दोघं एकमेकांशी कधीच बोललेले नसतात. मग काय होतं बघा.

औषधामुळे कधी कधी पाय सतत हलवावेसे वाटतात, एका जागी बसवत नाही. याला अकॅथिजिया म्हणतात आणि डोस बदलून ते कमी होतं. पण थेरपिस्टला औषध कालच बदललंय हे माहीत नसेल, तर तिला ती वाढलेली चिंता वाटते आणि ती श्वासाचे व्यायाम देत बसते. काही जणांना एसएसआरआयवर भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, रडू येत नाही, तसा आनंदही होत नाही. थेरपिस्टला वाटतं, हा माणूस अवघड विषय टाळतोय. याच्या उलटही होतं. थेरपीत जुनी जखम उघडली की दोन-तीन आठवडे जड जातात, ते अपेक्षितच असतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट पडली, रुग्ण म्हणाला "त्रास वाढलाय", की डोस वाढतो. आणि लैंगिक इच्छा कमी होणं हा या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम डॉक्टरांना सांगायची लाज वाटते म्हणून माणूस गुपचूप गोळी सोडतो. थेरपिस्टला ते ठाऊक असतं, डॉक्टरांना नाही.

ही फट बुजवायला मोठी यंत्रणा लागत नाही. पहिल्याच भेटीत दोघांनाही सांगावं, "तुम्ही एकमेकांशी बोलावं अशी माझी इच्छा आहे," आणि तशी लेखी परवानगी द्यावी. काय सांगायचं आणि काय नाही, हेही त्यात लिहिता येतं. थेरपीतली प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना कळायची गरज नसते. एका कागदावर तारखा ठेवाव्यात: औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला, झोप कशी, थेरपीत जड आठवडा कोणता. हा कागद दोघांनाही दाखवावा. माझ्या मते उपचारांत रुग्णाच्या हातात असलेलं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन आहे.

औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा डोस बदलला असेल तेव्हा ही देवाणघेवाण जीव वाचवू शकते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी सुरुवातीच्या काळात काही लहान मुलांत आणि तरुणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. म्हणून गोळी घ्यायचीच नाही असं नव्हे. उपचार न झालेलं नैराश्य स्वतःच जीवघेणं असतं. पण पहिले काही आठवडे कुणाचं तरी बारीक लक्ष हवं, आणि दर आठवड्याला भेटणारा थेरपिस्ट ते ठेवू शकतो. असे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट बघू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, ते शक्य नसेल तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं, आणि त्या वेळी माणसाला एकटं सोडू नये.

थांबवायचं कसं, यावरही बोलायला हवं. पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यात, पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. बंद करताना डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात, काहींच्या बाबतीत बरेच महिने लावून. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो. हा त्रास साधारण पहिल्या काही दिवसांत सुरू होतो. आजार उलटणं मात्र बहुधा हळूहळू, काही आठवड्यांनी जाणवतं. दोन्हींतला फरक कळला नाही की माणूस घाबरतो, "मला जन्मभर गोळी लागणार" असं ठरवून मोकळा होतो. इथे पुन्हा तो तारखांचा कागद उपयोगी पडतो.

आणि गोळी उतरवण्याचा काळ थेरपी बंद करण्यासाठी सगळ्यात वाईट. दोन्ही एकाच महिन्यात थांबवू नका. डोस कमी होत असताना थेरपी चालू ठेवा, भेटी थोड्या लांबवल्या तरी चालतील, आणि शेवटची गोळी घेतल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांतल्या भेटींच्या तारखा आधीच ठरवून ठेवा. त्या भेटींत थेरपिस्टबरोबर एक यादी करा: मागच्या वेळी आजार आला तेव्हा सगळ्यात आधी काय बदललं होतं, घरातल्या कुणाच्या ते आधी लक्षात आलं होतं, आणि पुन्हा तसं दिसलं तर फोन कुणाला करायचा. यादीची एक प्रत डॉक्टरांकडे द्या, एक त्या घरातल्या माणसाकडे.